कान झाकून वाजव

पन्नाशीला टेकल्यावर मी ढोल कमरेला बांधला. त्याआधी आयुष्यात ताटावर चमचासुद्धा तालात वाजवला नव्हता.

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत माझी नोकरी. लोक काचेच्या भोकाला तोंड लावून गावाचं नाव सांगतात, मी गाडी कधी आणि कुठल्या फलाटाला लागते ते सांगते. मुलगी पुण्याला नोकरीला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. माझे यजमान तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना घरात ‘अहो’ म्हणते आणि बाहेर ‘आमचे फौजी’. त्यांचा वेळ परसातल्या वांग्या-मिरच्यांत आनंदात जायचा. माझी संध्याकाळ मात्र सरता सरत नसे. तेव्हाच आमच्या कॉलनीतली एक फिजिओथेरपिस्ट बाई बायकांचं ढोलपथक उभं करत होती. तिनं मला कामाच्या खिडकीतच गाठलं.

“काकू, खांदे चांगले आहेत तुमचे. रविवारी सरावाला या.”

“खांद्यांवरनं ठरतं होय?”

“खांदे लागतात आणि लाज सोडावी लागते. बाकी मी शिकवते.”

मागे रांग खोळंबली होती म्हणून मी पटकन हो म्हटलं. गेले तेही ‘एकदा बघून येऊ’ एवढ्याच विचारानं. पण ढोल बांधून पहिली थाप मारली आणि पोटातून काहीतरी वर आलं. हसू होतं की रडू, कोण जाणे. आयुष्यभर हळू बोला, हळू चाला, भांडी हळू ठेवा असं ऐकत आलेल्या बाईच्या हाती अचानक एवढा आवाज आला. एका हातात टिपरूची काठी, दुसऱ्या हाताची थापी, बाजूला माझ्यासारख्याच बायका. कुणी नर्स, कुणी भाजीच्या गाळ्यावरची, दोघीतिघी कॉलेजातल्या मुली. घरी आले तर दंड उचलत नव्हते आणि मी गुणगुणत पोळ्या लाटत होते. फौजी दारात उभे राहून बघत होते.

“लय खूश दिसतीस,” ते म्हणाले.

“वाजवून आले.”

“काय वाढून आलीस?”

हे आमच्या घरात रोजचंच. तोफांनी त्यांचा उजवा कान नेला होता. रस्त्यानं चालताना मी कायम त्यांच्या डाव्या बाजूनं चालते. मीठ आणा म्हटलं तर पीठ यायचं. न ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीला ते ‘व्हय’ म्हणायचे, त्यामुळे मुलीनं लहानपणी त्यांच्याकडून किती परवानग्या उकळल्या असतील, देव जाणे.

पथकाला महिना झाला असेल. आषाढातला रविवार, बाहेर पाऊस थांबेना. आम्ही ज्या मैदानात सराव करायचो त्याच्या मालकाचंच शेजारी मंगल कार्यालय होतं, वर पत्रा, आत मोठा हॉल. त्यानं तो उघडून दिला. ढोल सगळे आतमध्ये, ताशे माझ्या पाठीशी. ठेका सुरू झाला आणि भिंतींवरून, पत्र्यावरून आवाज आमच्यावरच उलटून यायला लागला. ताशा तर डोक्याच्या आत वाजतोय असं वाटत होतं. पण गंमत म्हणजे कुणालाच थांबायचं नव्हतं. मलाही नाही. मैदानात आवाज उडून जातो, इथं तो अंगावर राहत होता, आणि त्याची एक नशा होती. थांबायची शिट्टी झाली तेव्हा मी हसत होते.

बाहेर आलो तर पाऊस पडताना दिसत होता, ऐकू मात्र येत नव्हता. भाजीवाली माझ्याशी काहीतरी बोलली, तिचे ओठ हलले. कानात कापूस भरल्यासारखं झालं होतं आणि त्या कापसाच्या आत रातकिडा बसलेला. मी तिला विचारलं, तिनंही तेच सांगितलं. “पहिल्यांदा होतंच,” कुणीतरी ओरडून म्हणालं, आणि आम्ही सगळ्या हसलो.

त्या दिवशी आमच्या घरात जे झालं ते कुणी बघायला हवं होतं.

“भात टाकू का?” मी विचारलं.

“काय?”

“काय म्हणालात?”

“मी कुठं काय म्हणालो? तूच म्हणालीस.”

“काय?”

दोनतीन वेळा असं झाल्यावर फौजी माझ्यासमोर येऊन बसले. माझ्याकडे नीट बघितलं. मग उठले, माझ्या मागं जाऊन उभे राहिले. नंतर कळलं की मागून त्यांनी मला हाक मारली होती. मी तांदूळ निवडत राहिले. ते पुन्हा समोर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

“कानात वाजतंय का? शिट्टीगत?”

मी मान हलवली.

“आमचं बी असंच सुरू झालं हुतं,” ते म्हणाले.

सकाळी कापूस निघाला होता, रातकिडा तसाच. मी कामावर गेले. एक म्हातारी आली, पदरानं तोंड पुसत गाव सांगितलं. मी म्हटलं, पुसेगावची गाडी लागलीच आहे, त्या टोकाच्या फलाटाला जा. म्हातारी गेली आणि थोड्या वेळानं धापा टाकत परत आली.

“आवं बाई, पुसेसावळी म्हनले मी! पुसेगावला कुनाकडं जाऊ?”

माझ्या शेजारचा सहकारी हसला. मीही हसले, म्हातारीला चहा पाजला, तिची गाडी येईपर्यंत माझ्याच स्टुलावर बसवून घेतलं. पण नावाचा पुढचा अर्धा भाग माझ्यापर्यंत आलाच नव्हता. या खिडकीत माझं सगळं काम कानावर चालतं. घरी जाऊन हे सांगितलं तर फौजींनी परसातला पाइप बंद केला आणि म्हणाले, “उद्या रजा टाक. मिरजेला जायचं.”

मिरजेला त्यांचा पलटणीतला दोस्त राहतो. त्यानं कानाची एक डॉक्टर सांगितली होती. खरं तर ती त्यानं फौजींसाठी सांगितलेली, आणि हे वर्षानुवर्षं टाळत होते. आम्ही सकाळच्या रेल्वेनं गेलो. तोवर माझ्या कानातली शिट्टीही बारीक झाली होती, ऐकायला गेलं तरच लागायची.

डॉक्टर तरुण होती. तिनं कानात बत्ती टाकून बघितलं, मग कान तपासायच्या खोलीत पाठवलं. खोली कसली, जाड दाराची एक छोटी पेटीच. काचेतून बाहेरचं दिसायचं. माझ्या कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. इतके बारीक आवाज की आला का भास झाला ते कळेना. काचेपलीकडे फौजी हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मी बटण दाबलं की त्यांची मान थोडी हलायची. पोराचं तोंडी परीक्षेत उत्तर बरोबर आलं की बापाची हलते तशी.

डॉक्टर म्हणाली, “मावशी, थोडक्यात वाचलात. कान दमले होते, परत येतायत. पण दर वेळी परत येतील असं समजू नका. आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत.”

“म्हणजे ढोल बंद?” मी विचारलं. आवाज माझाच मला केविलवाणा वाटला.

“मी कुठं बंद म्हटलं? बंद हॉलमध्ये वाजवू नका. ताशाच्या पुढ्यात उभ्या राहू नका. मधे मधे बाजूला जाऊन कान शांत करा. आणि कानात हे घालून वाजवा.” तिनं ड्रॉवरमधून मऊ रबराचे इवलेसे बोळे काढले. छत्रीवर छत्री ठेवल्यासारखा आकार. “वादकांसाठीचेच असतात. सूर-ताल सगळं ऐकू येतं, फक्त कमी होऊन येतं.”

“कापूस घातला तर?” फौजींनी विचारलं.

“कापसानं काही होत नाही, काका. समाधान तेवढं मिळतं.”

फौजींनी इतकी वर्षं तोफेजवळ कापूसच कोंबला होता. मग डॉक्टरच म्हणाली, “आलाच आहात तर तुम्हीही बसा की आत.” माझ्यासमोर त्यांना नाही म्हणता आलं नाही. आता मी काचेबाहेर होते. ते आत ताठ बसले होते, परेडला बसावं तसे, बटणावर अंगठा. आणि बराच वेळ तो अंगठा हलतच नव्हता.

निघालेल्या कागदावर उजव्या कानाची रेघ खाली गेली होती, ते अपेक्षितच होतं. पण डाव्याचीही शेवटाकडे घसरलेली होती. उंच, बारीक आवाज जातायत, डॉक्टर म्हणाली. कानयंत्र लावलं तर बराच फरक पडेल. फौजी म्हणाले, “बघू.”

स्टेशनकडे जाताना तंबोरे-सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीतून गेलो. एका दुकानात म्हातारे कारागीर नव्या तंबोऱ्याच्या तारा लावून बघत होते. मी थबकले. तारेवरून बोट उतरलं की आवाजाच्या पाठीमागून दुसरा एक आवाज चांदीच्या धुरासारखा वर चढत होता.

“काय झालं?” फौजी म्हणाले.

“ऐका की. ते वरचं, झिणझिणतंय ते.”

त्यांनी डावा कान पुढं केला. “गुंग गुंग येतंय.”

“त्याच्या वर?”

“वर काय न्हाई.”

कारागिरांना ते कळलं असावं. त्यांनी भोपळा फौजींच्या बाजूला वळवला आणि हात ठेवा अशी खूण केली. फौजींनी तळवा ठेवला. कारागिरांनी सगळ्या तारा छेडल्या. फौजींच्या मिशीखाली हळूच हसू आलं. “हातात येतंय की,” ते म्हणाले.

परतीच्या गाडीत किर्लोस्करवाडी मागं पडली. बाहेर उसाचं हिरवं पळत होतं. फौजी खिडकीकडेच बघत म्हणाले, “डावा बी चाललाय म्हणं.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

“तोफ उडायच्या वक्ताला आमाला सांगायचे, तोंड उघडं ठेवा. ते ठेवलं. पर कान काय मिटता येत न्हाईत. डोळं मिटतात, तोंड मिटतं. कान देवानं उघडंच ठेवलं.” ते माझ्याकडे वळले. “तू सोडू नगंस. ढोल बांधल्यापासनं तुझा चेहरा येगळाच दिसतोय. वाजव. पर कान झाकून वाजव.”

पुढच्या रविवारी मी बोळे घालून उभी राहिले. पहिल्या थापेला रडू आलं, ते मात्र वैतागाचं होतं. मजाच गेली! सगळं रजईखालून ऐकल्यासारखं. माझा श्वास मला मोठ्यानं ऐकू यायचा. घामानं एक बोळा सटकून ढोलावर पडला आणि उडत उडत नर्सबाईंच्या पायाशी गेला. पण चिकाटी धरली. डॉक्टरनं दाखवल्यासारखा कान वरून ओढून बोळा नीट बसवायला शिकले. दोनतीन सरावांनंतर रजई निघाली. ताल कानाऐवजी पोटात आणि छातीत ऐकू यायला लागला. ताशाचा कर्कश चरा गेला आणि त्याच्या खालचा काडीचा खरा बारीक बोल ऐकू येऊ लागला. आणि घरी गेल्यावर रातकिडा नव्हता.

एक भानगड तेवढी झाली. आमची प्रमुख, म्हणजे तीच फिजिओथेरपिस्ट बाई, शिट्टी वाजवून ठेका थांबवायची. एका सरावात ती वाजली, सगळं पथक एका क्षणात थांबलं, आणि मी डोळे मिटून मनापासून बडवत राहिले. एकटी. चांगली दोन आवर्तनं. डोळे उघडले तर सगळ्या पोट धरून हसत होत्या आणि बाहेर रस्त्यावर एक टेम्पोवाला थांबून टाळ्या वाजवत होता. मी लाजेनं लाल झाले. त्या दिवशी फौजी मला न्यायला आले होते, कुंपणाशी उभे. ते सरळ आत आले.

“मॅडम,” ते प्रमुखाला म्हणाले, “शिट्टीवर पलटण चालत न्हाई. गोळीबारात कोन शिट्टी ऐकणार? हाताची खूण ठेवा. झेंडा ठेवा.”

प्रमुख म्हणाली, “काका, मग तुम्हीच करता का?”

दुसऱ्या सरावाला फौजी इस्त्रीची पँट घालून लाल रुमाल बांधलेली काठी घेऊन हजर. काठी वर गेली की तयार, आडवी झाली की थांबायचं. त्यांनी मांडणीही बदलली. ताशे एका बाजूला काढले, त्यांचं तोंड कुणाच्या कानावर येणार नाही असं. मधे मधे ते सगळ्यांना कडूनिंबाखाली पाठवायचे. “कानाला पाणी पाजा,” म्हणायचे, म्हणजे गप्प बसा. इतक्या बायकांना गप्प बसवणारा माणूस म्हणून पथकात त्यांचा दरारा झाला.

बोळे मात्र कुणी घालेना. ताशावाली कॉलेजची मुलगी म्हणायची, “काका, फील जातो.” फौजी तिच्याशी वाद घालत नसत. एकदा ती त्यांच्या उजव्या बाजूनं काहीतरी विचारायला आली. त्यांना ऐकूच गेलं नाही. तिनं परत विचारलं, मग ओरडून विचारलं. ते वळले आणि सहज म्हणाले, “व्हय गं पोरी, ह्या बाजूला आता कोन ऱ्हात न्हाई.” पुढच्या आठवड्यात तिच्या कानात निळे बोळे होते. मग नर्सबाई, मग भाजीवाली. भाजीवालीनं तर दोरीवाले घेतले आणि दोरी गळ्यात माळेसारखी मिरवली.

गणपतीत आम्हाला सांगलीला बोलावणं आलं. माझं माहेर तासगावचं, म्हणजे माझ्यासाठी ते घरचंच वाजवणं. भाऊ-भावजया, भाचरं सगळी बघायला आलेली. कृष्णेच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुपार टळल्यावर आम्ही वाजवायला सुरुवात केली. पुढं फौजींची काठी, दोन्ही बाजूंना माणसं, वर गॅलऱ्यांतून फुलं. माझी भावजय माझ्याकडे बोट दाखवून शेजारणीला सांगत होती, “आमच्या वन्सं!” एवढा अभिमान तिनं माझ्या नोकरीचाही कधी केला नव्हता.

आमच्या मागं दुसऱ्या मंडळाची डीजेची गाडी होती. घरासारखी उंच स्पीकरची भिंत. तिचा आवाज जवळ आला की रस्त्याकडेच्या दुकानांची शटरं थरथरायची. आमची विश्रांती चालू असताना फौजींनी बघितलं, एक तरुण बाप खांद्यावर पोरगी घेऊन अगदी त्या भिंतीला लागून नाचत होता. पोरीनं दोन्ही हात कानांवर दाबून धरले होते. फौजी त्याच्याजवळ गेले. मीही मागं गेले. बोलणं सगळं कानाशी ओरडूनच.

“गड्या, पोरीला जरा लांब घे. कान जातील तिचं.”

“काय होत न्हाई ओ काका. वर्षातनं एकदा तर असतंय.”

“मला बी काय झालं न्हवतं,” फौजी आपल्या उजव्या कानावर बोट ठेवून म्हणाले.

बापानं वर बघितलं आणि बहुतेक पहिल्यांदाच त्याला पोरीचे हात दिसले. तो बाजूला झाला, रस्ता ओलांडून पार समोरच्या रसवंतीच्या पायरीवर जाऊन बसला. पोरीनं तिथं हात काढले आणि त्याच्या मांडीवर उभी राहून नाचायला लागली. तिथंही गाणं चांगलं ऐकू येत होतंच. तिथनं तर गणपतीही नीट दिसत होता.

त्या रात्री माहेरी झोपले ती अगदी गाढ. सकाळी उठले तर अंगणातली चिमण्यांची कलकल जशीच्या तशी ऐकू येत होती.

दिवाळीनंतर फौजी आपणहून म्हणाले, “मिरजेला कवा जायचं?” मी रजा टाकली. कानयंत्र लावून आले त्या पहिल्या दिवशी त्यांनी घर डोक्यावर घेतलं. कुकर केवढ्यानं ओरडतो! पेपरची पानं अशी कडकड का वाजतात? आणि तू दिवसभर एवढं बोलतेस? मला वाटलं, दोन दिवसांत डबीत घालून ठेवतील. पण तिसऱ्या दिवशी मी आमटीला फोडणी देत होते, तर ते हातातलं खुरपं घेऊन तसेच परसातून स्वयंपाकघरात आले.

“काय गं ते?”

“कुठं काय?”

“तडतड तडतड.”

“मोहरी आहे हो.”

ते कढईजवळ वाकून उभे राहिले. मी आणखी चिमूटभर टाकली. मग आणखी. आमटीचं काय व्हायचं ते झालं, जेवताना दाताखाली मोहरीच मोहरी येत होती. पण त्यांनी दोनदा वाढून घेतली.

आता आमच्या पथकात नव्या येणाऱ्या बाईला आधी बोळे कसे बसवायचे ते शिकवतात, ढोल नंतर. ते शिकवायचं काम माझ्याकडे आहे. सरावाला आलो की फौजी यंत्र काढून खिशातल्या डबीत ठेवतात, बोळे घालतात आणि मगच काठी हातात घेतात. परवा एक नवी आलेली बाई मला विचारत होती, या वयात दमत नाही का हो तुम्ही? मी म्हटलं, दमते की. हात दमतात, कंबर दमते. घरी गेलं की गरम पाण्यानं शेकायचं, आणि रेडिओ लहान आवाजात लावून पडायचं. काल तसंच पडले होते. फौजींनी कानातलं यंत्र अजून काढलं नव्हतं, ते कुशीवर वळून म्हणाले, “जरा बारीक कर की. लय मोठा लावलायस.”